मशीन म्हणतं साडेचारशे : कॅलरी मोजताना या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की शिवाजी पार्कात चालणारी निम्मी मंडळी आमच्या दादरच्या जिममध्ये येतात. ट्रेडमिलला रांग लागते आणि रांगेतल्या प्रत्येकाचा डोळा पुढच्याच्या स्क्रीनवर. "किती झाल्या?" किती वेळ चाललात, किती अंतर झालं, हे कोणी विचारत नाही. फक्त किती झाल्या.

दांडा धरून चढ चढणं

ही चूक बघून माझं डोकं फिरतं. इन्क्लाइन, म्हणजे पट्ट्याचा चढ, १२ वर टाकायचा, पुढचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि मागे रेलून चालायचं. कोणीतरी रीलमध्ये दाखवतं, दुसऱ्या दिवशी इथे चार जण लोंबकळताना दिसतात.

एक मॅडम बँकेतून सुटल्या की थेट यायच्या. वजन ५४. रोज ४५ मिनिटं, स्पीड ५, इन्क्लाइन १२, दांडा हातात. काही महिन्यांनी तक्रार घेऊन आल्या. "सर, वजन जराही हललं नाही. रोज साडेचारशे जळतायत. मशीन खोटं कसं बोलेल?"

मशीन भलत्याच माणसाचा हिशोब करत होतं. मॅडम क्विक स्टार्ट दाबून चढायच्या, वजन टाकायच्याच नाहीत. मग मशीन स्वतःकडे भरलेलं वजन धरतं, आमच्या मशीनवर ते ७० किलो आहे. मी कागद घेतला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं चालण्याचं सूत्र लावलं तर या स्पीडला आणि या चढाला शरीर स्वस्थ बसल्याच्या साडेआठ पट खर्च करतं. ७० किलोच्या माणसाचे ४५ मिनिटांत साधारण ४४५ होतात, ५४ किलोच्या बाईचे ३४५. शंभर तर इथेच गेल्या.

आता दांडा. मागे रेललं की शरीर पट्ट्याशी काटकोनात येतं, वजनाचा भार हात घेतात आणि चढ स्क्रीनपुरताच उरतो. याच वेगाने सपाटीवर चाललं तर त्यांचे होतात १३५च्या आसपास. म्हणजे खरा आकडा १३५ आणि ३४५ यांच्या मध्ये कुठेतरी, ज्या दिवशी जितकं लोंबकळाल तसा. त्यातल्या ४० कॅलरी घरी सोफ्यावर बसूनही जळाल्याच असत्या. आणि साडेचारशेच्या भरवशावर त्या रोज स्टेशनबाहेर एक वडापाव खात होत्या. आकारानुसार तो अडीचशे-तीनशेचा. विषय संपला.

मी त्यांना हात सोडून इन्क्लाइन ४ वर आणलं, वजन टाकायला लावलं. आकडा दोनशेवर आला, मॅडमचा चेहरा पडला, दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग वडापाव शनिवारपुरता ठेवला आणि काटा हलू लागला. तेव्हापासून नवीन माणसाला मी कॅलरीच्या आकड्यावर नॅपकिन टाकूनच चालायला लावतो. वेळ आणि अंतर दिसलं म्हणजे पुरे.

घाम म्हणजे कॅलरी समजणं

मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हा रोग पसरतो. जानेवारीत ज्या वेगाने तुम्ही पार्काला फेऱ्या मारता, त्याच वेगाने मे महिन्यात मारा, ठोके जास्त पडतील. अंग थंड ठेवायला हृदय कातडीकडे जादा रक्त पाठवतं. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे हे काम आणखी वाढतं. पायांचं काम मात्र तेवढंच आहे. मनगटावरच्या फिटनेस घड्याळाला ठोके दिसतात, त्यामागचं कारण दिसत नाही. ठोके वाढले म्हणजे मेहनत वाढली असं ते धरतं आणि कॅलरी वाढवून देतं. लोक खूश!

त्यावर कडी म्हणजे अंगात रेनकोट किंवा तो प्लास्टिकचा सूट घालून पळणारे. वर्कआउटनंतर काट्यावर किलोभर कमी दिसतं, ते पाणी असतं, रात्री जेवताना परत येतं. चक्कर येऊन खाली बसलेल्या एका पोराला मी मीठ-साखरेचं पाणी पाजलंय, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय बघितलं असेल तर घड्याळ.

उलट प्रकारही आहे. बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके गोळीमुळे वर जात नाहीत. त्यांची मेहनत घड्याळ कमी धरतं आणि ते बिचारे उगाच जास्त रेटतात. गोळी चालू असेल तर ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगा.

घड्याळाचा आकडा जेवणात वळता करणं

२०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची ७ उपकरणं तपासली. ठोके ६ उपकरणांनी बऱ्यापैकी बरोबर मोजले, चूक ५ टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्याची सरासरी चूक २७ टक्के निघाली, सगळ्यात वाईटाची ९३. उपकरणं त्यानंतर बदलली, पण ठोक्यांवरून कॅलरीचा अंदाजच बांधावा लागतो, ते काही बदललं नाही. तरी लोक म्हणतात, "तीनशे जळाल्या, तीनशेचं खाऊ."

मी एक ढोबळ नियम वापरतो. सपाटीवर धावलात तर दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण १ कॅलरी. चाललात तर बसल्याचा खर्च वजा करून तिच्या निम्मी. ६० किलोचा माणूस ५ किलोमीटर धावला तर ३००, चालला तर दीडशे. घड्याळ याच्या दुप्पट दाखवत असेल तर घड्याळाला हसा.

बाकीच्या किरकोळ

घड्याळाचा पट्टा सैल बांधणं. मनगटाच्या हाडाच्या वर बोटभर, घट्ट बांधा.

वजन दहा किलोने बदललं, ॲपमध्ये मात्र लग्नाच्या वेळचंच.

ट्रेडमिलचे तीनशे आणि घड्याळाचे तीनशे मिळून सहाशे. हो, असे लोक आहेत.

क्रॉस ट्रेनरच्या आकड्याची ट्रेडमिलशी तुलना. करू नका. त्याच मशीनवरचा मागच्या आठवड्याचा आकडा चालेल, शेजारच्या मशीनचा नाही.

वेट ट्रेनिंगला "फक्त ऐंशीच जळाल्या" म्हणून सोडून देणं. डंबेल उचलताना ठोक्यांवरून काढलेला आकडा तसाही भरवशाचा नसतो. गप्प उचला.

सायकलवर वॅट दिसत असतील तर कॅलरी सोडून ते बघा. सरासरी १०० वॅटने अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल काम. एक कॅलरी म्हणजे चार किलोज्यूलहून थोडं जास्त, आणि शरीर खर्चाच्या चौथ्या हिश्शाहून थोडं कमीच पॅडलपर्यंत पोचवतं, त्यामुळे किलोज्यूल आणि कॅलरी जवळपास सारख्या येतात. वेगळं गणित लागत नाही. फक्त सायकल वॅट खरोखर मोजते की नुसता अंदाज देते, ते जिमवाल्याला विचारून घ्या. त्यालाही ठाऊक नसेल, तर अर्धा तास पॅडल मारा आणि घरी जा.