पिकअपला ऑइल ड्रेन व्हॉल्व बसवायचाय? ऑर्डर करायच्या आधी एकदा गाडीखाली जा

दरवेळी ऑइल बदलताना पाना लावून ड्रेन नट सोडवायचा, शेवटच्या आट्याला तो हातातून निसटून गरम ऑइलच्या ट्रेमध्ये पडणार, मग मनगटापर्यंत काळं ऑइल, हे सगळं टाळायला ड्रेन व्हॉल्व चांगली चीज आहे यात वाद नाही. नटाच्या जागी एकदा व्हॉल्व बसवला की पुढच्या वेळी नुसता लिव्हर फिरवायचा. पण लोक आधी ब्रँड शोधतात, रिव्ह्यू वाचत बसतात आणि आपल्या चेंबरला (इंजिनाखालचं ऑइल साठवणारं भांडं) आटे कुठले आहेत ते शेवटी बघतात, खरं तर सुरुवातच तिथून व्हायला पाहिजे.

आट्यांमध्ये दोन गोष्टी असतात, व्यास आणि पिच. एम १२ × १.२५ म्हणजे १२ मिमी व्यास आणि दोन आट्यांमध्ये १.२५ मिमी अंतर. इथे एक गोंधळ हमखास होतो तो म्हणजे नटाला १४ चा पाना लागतो म्हणून लोक एम १४ चा व्हॉल्व मागवून मोकळे होतात. पाना डोक्याला लागतो, आट्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांना १४ चाच पाना लागतो पण आटे एम १२ × १.२५ असतात. शेवरोलेच्या ५.३ लिटर व्ही-८ ला पण एम १२ च, पण पिच १.७५. दोन्ही १२ चेच, तरी एकाचा व्हॉल्व दुसऱ्यात जाणार नाही, आणि जबरदस्तीने घातला तर चेंबरचे आटे गेलेच म्हणून समजा. ॲल्युमिनियमचं चेंबर असेल तर दोन-तीन वेढ्यांतच काम तमाम.

मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या पार्ट लिस्टमध्ये साइज मिळाली तर उत्तमच, तरी पुढच्या ऑइल चेंजला नट हातात आला की मोजून घ्या. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) आट्यांच्या बाहेरून माप घेतलं की १२ च्या नटाला ११.८ वगैरे दिसेल, जरा कमीच येतं, घाबरायचं कारण नाही. पिचसाठी एका आट्याच्या टोकापासून पुढे ८ आटे मोजा आणि ते अंतर बघा. १० मिमी आलं तर पिच १.२५, १२ आलं तर १.५, १४ आलं तर १.७५. पिच माहीत असलेला बोल्ट हाताशी असेल तर तो आणि नट आट्यात आटे बसवून उजेडासमोर धरा, मधून फट दिसली नाही तर पिच तोच. गाडी जुनी असेल तर हे करायलाच पाहिजे कारण आधीच्या कुणीतरी आटे खराब करून मोठ्या साइजचे पाडलेले असू शकतात, आणि ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. "युनिव्हर्सल फिट" लिहिलेला व्हॉल्व दिसला तर पुढे चला, आट्यांमध्ये युनिव्हर्सल असं काही नसतं.

आणि हो, चेंबर प्लास्टिकचं आहे का तेही बघा. फोर्डच्या २.७ लिटर इकोबूस्टसारख्या इंजिनांना प्लास्टिकचं चेंबर आणि पाव फेरा फिरवून निघणारा प्लास्टिकचाच प्लग येतो, त्यात आट्यांचा व्हॉल्व बसतच नाही. त्यांच्यासाठी वेगळी बनावट लागते, खास त्या इंजिनाचं नाव लिहिलेलं असेल तरच घ्या.

आता प्रकार. ढोबळमानाने दोन. एक लिव्हरवाला, जपानच्या फुमोटोचा सगळ्यात माहितीचा, आत बॉल व्हॉल्व (भोक असलेला फिरणारा गोळा) असतो, लिव्हर खाचेतून बाहेर काढून पाव फेरा फिरवला की ऑइल चालू. दुसरा दोन भागांचा, जर्मनीच्या स्टालबससारखा, चेंबरला छोटा स्प्रिंगवाला व्हॉल्व कायम राहतो आणि ऑइल काढताना पाइपवाला तुकडा त्याच्यावर फिरवून बसवला की तो उघडतो, एरवी वरून झाकण लावलेलं असतं. लिव्हरवाला वापरायला सोपा, वेगळा तुकडा सांभाळायची कटकट नाही. दोन भागांचा चेंबरच्या बाहेर कमी येतो आणि त्याला अडकायला लिव्हर नसतो. पिकअप बहुतेक रस्त्यावरच चालत असेल तर माझं मत लिव्हरवाल्याला, दगडधोंड्यातून जायचं असेल तर दुसऱ्याला. ऑइलची लॅबमध्ये टेस्ट करून घेणाऱ्यांना पण लिव्हरवालाच सोयीचा, मधल्या धारेतून बाटलीत थोडं घेतलं की बंद.

पण बाहेर किती येतो याला खरं महत्त्व आहे, म्हणून म्हणतोय आधी गाडीखाली जा. ड्रेन नट चेंबरच्या बाजूला, मागच्या तोंडाला असेल तर व्हॉल्व मागच्या दिशेने येतो आणि समोरून येणारे दगड चेंबरच अडवतं, फारशी काळजी नाही. नट खाली तोंड करून असेल तर व्हॉल्व सरळ खाली लोंबणार, मग तो चेंबरच्या आजूबाजूच्या क्रॉसमेंबरच्या (चॅसीच्या आडव्या पट्ट्यांच्या) पातळीपेक्षा खाली येतोय का ते एक सरळ पट्टी धरून बघा. खाली येत असेल आणि स्किड प्लेट (इंजिनाखाली दगडांपासून बचावाला लावलेला पत्रा) नसेल तर मी तरी बसवणार नाही. स्किड प्लेट असेल तर तिच्या भोकातून लिव्हरपर्यंत हात पोचतो का हेही बघा, प्रत्येक वेळी प्लेट उतरवावी लागली तर व्हॉल्वचा उपयोग काय. पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग दांडा) असलेल्या मोठ्या पिकअपमध्ये आणखी एक भानगड असते, गाडी उभी असताना ॲक्सल आणि चेंबरमध्ये भरपूर जागा दिसते पण खड्ड्यात सस्पेन्शन दाबलं गेलं की ॲक्सल वर येतो, म्हणून तेवढी जागा सोडूनच हिशोब करा.

निपल, म्हणजे व्हॉल्वच्या तोंडाला पाइप लावायची छोटी नळी, पाहिजे की नको? डिझेल पिकअपमध्ये १० लिटरच्या वर ऑइल असू शकतं (कमिन्सच्या ६.७ लिटर डिझेल इंजिनात साधारण ११.४ लिटर), एवढं ऑइल उघड्या ट्रेमध्ये सांडवण्यापेक्षा निपलला पाइप लावून थेट कॅनमध्ये सोडलेलं कधीही बरं, फक्त कॅन तेवढा मोठा आहे ना ते आधी बघा. पण निपल आणखी खाली येतो आणि त्यात चिखल भरतो. टोपी मिळते ती लावा, आणि उघडायच्या आधी तोंड पुसून घ्या. जागा कमी असेल तर आखूड निपल मिळतो.

तोटे पण ऐका. व्हॉल्वचं भोक नटाच्या भोकापेक्षा लहान असतं म्हणून ऑइल सावकाश येतं, इंजिन थोडं गरम करून मगच काढा. व्हॉल्वचे आटे आत डोकावत असतील तर तळाशी थोडं ऑइल शिल्लक राहतं, त्याने काही आभाळ कोसळत नाही पण माहीत असू द्या. ओरिजिनल नटाला मॅग्नेट असेल तर तो जातो, म्हणजे लोखंडाची बारीक पूड बघून इंजिनाचा अंदाज घ्यायची तुमची सवय असेल तर ती सोडावी लागेल. आणि फिल्टरची घाण काही कमी होत नाही हं, तो खालून बदलायचा असेल तर हात काळे होणारच. ज्यांचा फिल्टर वरून निघतो त्यांना या व्हॉल्वचा खरा फायदा.

बसवताना व्हॉल्वबरोबर आलेलाच वॉशर वापरा, जुना तांब्याचा परत लावू नका. सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवा, अडकला तर काढून परत. टॉर्क (किती जोराने कसायचं ते माप) व्हॉल्वच्या कंपनीने दिलेला घ्यायचा, नटाचा नाही, कारण व्हॉल्व आतून पोकळ असतो, लिव्हरवाला तर पितळेचा, नटासारखा कसला तर तुटू शकतो. घट्ट झाल्यावर लिव्हर भलत्याच बाजूला आला तर आणखी पिळून जागेवर आणायचा मोह टाळा, त्यासाठी अडॅप्टर मिळतात. लिव्हरला लॉक क्लिप मिळते ती घ्याच. नंतर इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा आणि टिश्यू पेपर व्हॉल्वभोवती फिरवा, कोरडा आला पाहिजे, दोन-चार दिवसांनी परत एकदा बघा. जुना नट मात्र फेकू नका, एक नवीन वॉशर घालून टूलबॉक्समध्ये ठेवा, व्हॉल्व कधी गळायला लागला तर ऑइल काढून तोच लावायचाय.