सायकलस्वारांसाठी रस्त्याचा खडबडीतपणा कसा मोजावा

डांबरी रस्ता जाऊन सिमेंटचा आला की सायकलस्वाराची सोय झाली, असे नागपुरात सर्रास मानले जाते. ते कितपत खरे आहे, हे मोबाइलवर मोजून पाहता येते. फायफॉक्स या विनामूल्य अ‍ॅपमध्ये त्वरणमापक (धक्के टिपणारा फोनमधील सेन्सर) आणि जीपीएस यांची नोंद एकत्र घेता येते.

फोन खिशात ठेवू नये, कारण बराचसा धक्का शरीरच पचवते. तो हँडलवर घट्ट बसवावा. होल्डर किंचित जरी सैल असला, तरी रस्त्याऐवजी होल्डरचीच थरथर नोंदली जाते आणि माझ्या पहिल्या तीन फेऱ्या अशाच वाया गेल्या. टायरमधील हवा दर वेळी सारखी असावी. वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ठेवल्यास सेकंदाला १०० नोंदींप्रमाणे दर ५ सेंटिमीटरला एक नोंद मिळते. सेमिनरी हिल्सच्या चढावर हा वेग टिकत नाही, म्हणून तेथील आकडे सपाट रस्त्याच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत. उन्हाळ्यात मोजणी पहाटेच उरकावी, म्हणजे गर्दीही नसते आणि टायरही तापलेले नसतात.

उभ्या दिशेच्या त्वरणातून गुरुत्वाकर्षणाचे ९.८ वजा करून, २० मीटरच्या प्रत्येक तुकड्यासाठी उरलेल्या आकड्यांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ काढावे. जीपीएस काही मीटरने चुकत असल्यामुळे याहून लहान तुकडे पाडण्यात अर्थ नाही. मात्र केवळ या आकड्यावर विसंबू नये. सिमेंटच्या पाट्यांचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतील, तर आलेखात सेकंदाला एकाहून किंचित जास्त टोके कंगव्याच्या दातांसारखी उभी राहतात; सरासरीत ती बुजतात, मनगटाला मात्र जाणवतात. म्हणून प्रत्येक तुकड्याचा कमाल धक्काही वेगळा नोंदवावा. रस्ते अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या मोटारीच्या गणितावर बेतलेला असल्याने येथे फारसा कामाचा नाही. गट्टूंवर, म्हणजे फरसबंदीच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर, टोके उंच नसतात, पण कंप अखंड चालू राहतो.

एका रस्त्यावर तीन फेऱ्या माराव्यात आणि ज्या फेरीत सिग्नलवर थांबावे लागले, त्यातील तेवढा भाग गाळावा. त्यानंतर क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये तुकड्यांना रंग द्यावेत, उदाहरणार्थ गुळगुळीत तुकड्याला हिरवा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर भर घालायची असेल, तर तेथील गुळगुळीतपणाची श्रेणी त्वरणाच्या आकड्यांवर नव्हे, तर त्या रस्त्यावरून कोणत्या प्रकारचे चाक नीट जाते यावर ठरते, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक तुकड्यापुढे मोजणीची तारीखही लिहावी. मे महिन्यातला हिरवा तुकडा सप्टेंबरमध्ये हिरवा राहीलच असे नाही.