गावच्या पावसाची वही: कशी ठेवायची आणि तिच्यावरून पेरणी कशी ठरवायची

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात, मांजरा नदीच्या खोऱ्यात आमचं रान आहे. सोयाबीन, तूर आणि ओल राहिली तर हरभरा, एवढीच आमची पिकं. "यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस झाला" ही बातमी ऐकून आमचं काहीच ठरत नाही. हवामान बदलतंय ते आमच्याकडे बेरजेत फारसं दिसत नाही, वाटपात दिसतं. पाऊस थोड्या दिवसांत उरकतो, मधली उघडीप लांबते, आणि शेंगा काढणीला आल्या की आभाळ फुटतं. हे कळायला स्वतःच्या रानातला पाऊस रोज मोजावा लागतो. मी घरी पावसाची वही ठेवते. ती कशी ठेवायची आणि वाचायची, ते इथं सांगते.

डबा

बाजारात प्लास्टिकचं पर्जन्यमापक मिळतं, ते चांगलंच. नसेल तर वर-खाली सारख्याच रुंदीचा एक डबा घ्या. पोट फुगलेला किंवा तोंड निमुळतं असलेला चालत नाही. माझा डबा साधारण ३० सेंटीमीटर उंच आहे आणि तोंड २० सेंटीमीटर रुंद. एवढ्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर भरतं, म्हणून डब्यातलं ३१.४ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. तळाला पाणी कमी असेल तर पट्टी लावून नीट कळत नाही. मी ते पाणी बाळाच्या दुधाच्या बाटलीत ओतते. तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. जितके मिलिलिटर भरतील त्याला ३१.४ नं भागायचं. तुमच्या डब्याचं तोंड वेगळं असेल तर एकदाच हिशेब करून आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून टाका: त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४, आणि त्याला भागिले दहा.

जागेचं मात्र काटेकोर पाळा. झाड, भिंत किंवा कडब्याची गंजी जितकी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर डबा हवा. पत्र्याच्या पागोळ्या आणि फरशीवरून उडणारे शिंतोडे लांब राहिले पाहिजेत. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर असतं, तेवढंच आपणही ठेवावं. डबा तीन खुंट्यांना आवळून बांधा, वाऱ्यानं लवंडला की त्या दिवसाची नोंद गेली.

नोंद सकाळी साडेआठला घ्यायची. हवामान खातं देशभर याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतं आणि तो मोजणीच्या तारखेला मांडतं. म्हणजे १४ तारखेला संध्याकाळी कोसळलेला पाऊस तुमच्या वहीतही १५ तारखेपुढेच लिहा, नाहीतर सरकारी आकड्याशी ताळा कधीच बसणार नाही. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. कोऱ्या रकान्यावरून पाऊस नव्हता की नोंद राहिली, हे वर्षानंतर कुणालाच सांगता येत नाही, आणि उघडीप मोजायची तर शून्यच मोजावे लागतात.

तारखेशेजारी नक्षत्राचा एक रकाना ठेवा. आमच्या सासूबाई तारखा बोलत नाहीत, "म्हाताऱ्या पावसात पाणी नव्हतं" असं म्हणतात. म्हातारा पाऊस म्हणजे पुष्य नक्षत्राचा. ते लागतं २० जुलैच्या आसपास, तेव्हा त्यांची आठवण आणि माझा आकडा एका ओळीत येतो. म्हाताऱ्या माणसांकडं फार मोलाची माहिती असते, ती याच वहीत मागच्या पानांवर उतरवून घ्या: कोणत्या साली कोणत्या नक्षत्रात ओढा आला, विहीर कधी आटली. मृग ७-८ जूनला लागतो तो लागतोच, पाऊस मात्र त्या तारखा पाळेनासा झालाय. हवामान खात्यानंही २०२० मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा नव्यानं ठरवल्या. वायव्य भारतातून परतीचा पाऊस सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरची १७ सप्टेंबर झाली. आमच्या काढणीच्या दृष्टीनं यात मोठा अर्थ आहे.

तापमान

कमाल-किमान तापमापक पत्र्याखाली किंवा भिंतीवर टांगू नका, तो त्या पत्र्याचं तापमान सांगेल. झडपांची पांढरी लाकडी पेटी गावच्या सुताराकडून करून घ्या, दार उत्तरेकडं, उंची छातीइतकी, खाली माती किंवा गवत. सकाळी वाचताना किमान आकडा आजचा धरायचा आणि कमाल आकडा कालचा.

लोक दुपारचे ४२-४३ सांगत बसतात. मी आधी रात्रीचा आकडा बघते. रात्री तापल्या की हरभरा आणि गहू लवकर पिकतात, दाणा बारीक राहतो. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत मार्च २०२२ मध्ये आणि नंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवसाच्या तापमानानं त्या-त्या महिन्याचा उच्चांक गाठला. दोन्ही वेळा रब्बी रानातच उभी होती.

वहीतून काय काढायचं

महिना संपला की बेरीज सगळेच करतात. तुम्ही आणखी तीन गोष्टी काढा.

आधी पावसाळी दिवस मोजा. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाळी दिवस. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरच्या भुरभुरीनं पावसाचा खंड, म्हणजे उघडीप, तुटत नाही. मग सर्वांत लांब खंड किती दिवसांचा होता आणि तो कोणत्या तारखांना पडला, ते लिहा. शेवटी त्या महिन्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा वाटा काढा.

समजा दोन गावांत जुलैत १८० मिलिमीटर झाला. एका गावात बारा दिवस रोज पंधरा-पंधरा. दुसऱ्या गावात एकाच दिवशी ११० आणि उरलेले ७० दोन दिवसांत. तालुक्याच्या तक्त्यात दोन्ही गावं सारखीच. पहिल्या गावात जमिनीला वापसा (मशागतीजोगी ओल) येत राहिला, कोळपणी (ओळींमधलं तण काढून माती मोकळी करणं) झाली, विहिरीला पाझर लागला. दुसऱ्या गावात ६१ टक्के पाऊस एका रात्रीत ओढ्यानं निघून गेला आणि जाताना बांधाकडेची माती घेऊन गेला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर. ११० मिलिमीटर म्हणजे एका एकरावर साडेचार लाख लिटरच्या जवळपास. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. तेवढं पाणी आमच्या एकेका एकरावरून एका रात्रीत वाहून जातं, आणि ते अडवायची सोय बहुतेक रानांत नाही. मला हे फार लागतं.

असं का होतंय? हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. अरबी समुद्रही तापलाय, तिथून येणारी ओल वाढलीये. वाफ साठते तेवढा वेळ पाऊस नाही, मग सुटतो तो एकदम. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये केंद्र सरकारसाठी केलेल्या अहवालात हे मांडलंय: मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले, तर १९५१ पासून देशाचा एकूण मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला.

एका वर्षाच्या वहीवरून मात्र निकाल देऊ नका. १९७२ चा दुष्काळही इथंच पडला होता, आणि २०१५, २०२३ ही एल निनोची वर्षं होती, म्हणजे प्रशांत महासागर तापतो आणि आपल्याकडं पाऊस बहुधा कमी पडतो तशी. ऑगस्ट २०२३ तर देशात १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. बदल बघायला तीस वर्षं लागतात. आपली वही तेवढी जुनी नसली तर तहसीलच्या पर्जन्यमापकाचे जुने दैनिक आकडे मागा, कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर अलीकडचे मिळतील. पहिली पंधरा वर्षं आणि नंतरची पंधरा अशी वाटणी करून दोन्हींत ६५ मिलिमीटरच्या वरचे दिवस आणि पावसाळी दिवस मोजा. एक खबरदारी घ्या: जुना आकडा एकाच मापकाचा आणि नवा अनेक महसूल मंडळांची सरासरी, अशी तुलना करू नका. सरासरीत मोठा पाऊस बुजून जातो.

पेरणी आणि पुढचं

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही, हा कृषी खात्याचा सल्ला. माझी भर एवढीच की हे शंभर मिलिमीटर तीन-चार दिवसांत विभागून आलेले असावेत. एका रात्रीत शंभर झाले तर टिकाव किंवा खुरपं घालून ओल वीतभर खाली गेली का ते बघा. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला, आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर, आणि मग पंधरवडाभर जागीच थबकला. अशा वेळी वहीतली बेरीज हाताला लगाम घालते. सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरता येतं, उगाच घाई करू नये.

पेरणी रुंद वरंबा सरीवर करा, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या रुंद उंच पट्ट्यावर. खंड पडला तर सरीतली ओल कामाला येते, धो-धो आला तर जादा पाणी त्याच सरीतून निघतं. दोन्ही बाजूंनी उपयोग होतो, म्हणून बदललेल्या पावसाला मला यापेक्षा चांगला उपाय दिसत नाही. सोयाबीनच्या चार ओळींमागं तुरीच्या दोन ठेवा. ऑगस्टनं दगा दिला तरी तूर सप्टेंबरच्या पाण्यावर उठते.

उभ्या पिकात वहीवर दहा शून्यं सलग दिसली की कोळपं धरा. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे खरंच आहे, भेगा बुजतात आणि ओल टिकते. हलकं मुरमाड रान आधी सुकायला लागतं, काळं भारी रान जास्त थांबतं. फुलं-शेंगांच्या वेळी खंड असेल तर पोटॅशियम नायट्रेट दहा लिटरला शंभर ग्रॅम घालून फवारा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

काढणीचं वेळापत्रक तर पूर्ण बदलावं लागलंय. सप्टेंबर २०२१ मध्ये गुलाब वादळाच्या उरलेल्या पावसानं मराठवाड्यात पिकं पाण्याखाली गेली, सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परांड्याकडं सीनेचं पाणी गावांत शिरलं. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रं आता भरवशाची राहिली नाहीत. म्हणून ताडपत्री गणपतीच्या आधीच आणून ठेवा, शेंगा पिवळ्या पडताच मळणीयंत्राचा नंबर लावा, आणि कापलेला ढीग उंचवट्यावर लावून त्याच्या चारी बाजूंनी चर काढा. वहीत मागच्या सप्टेंबरचा सर्वांत मोठा दिवस बघा. चराची खोली त्या आकड्यावरून ठरवायची.