अपंगत्व पेन्शन आणि वेगळी राहणारी बायको: या चुका टाळा

“उस्ताद, डिसेबिलिटीचा पैसा माझ्या जखमेचा आहे. कोर्ट त्याला हात लावू शकत नाही.” नाशिकरोड-देवळालीतल्या माजी सैनिकांचे कागद भरून देतो, त्यामुळे हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी कानावर येतं. १८७१ च्या पेन्शन कायद्यानं पेन्शन सावकाराच्या जप्तीतून वाचवली, बायकोच्या पोटगीतून नाही. सर्व्हिस एलिमेंट (पेन्शनमधला नोकरीचा भाग) असो की डिसेबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाचा भाग), दोन्ही तुमचं उत्पन्नच. २०२० पासून सुप्रीम कोर्टाच्या निर्देशानुसार दोन्ही बाजूंना उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथे अर्धी पेन्शन लपवायला जाऊ नका, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) मागवला की सगळं उघडं पडतं.

आता माझी डोकेदुखी: रोख पैसे. आमच्याच तोफखान्यातला एक हवालदार. कोर्टानं महिना ५,००० ठरवले होते. हा गडी दर महिन्याला मेहुण्याच्या हातात नोटा ठेवायचा. पावती मागायची म्हटलं तर, “घरातल्या माणसाकडून सही कसली घ्यायची?” पुढे संबंध आणखी बिघडले, बायकोनं वर्षभराच्या थकबाकीचा अर्ज टाकला आणि मेहुण्याला काहीच आठवेना. वॉरंट निघालं. ६०,००० दुसऱ्यांदा भरले, तेही सोसायटीचं कर्ज काढून. चिडून माझ्याकडेच आला. मी दोन वर्षं सांगत होतो, तेव्हा “बँकेत रांगा असतात” म्हणायचा.

माझी सवय सांगतो. पेन्शन महिनाअखेरीस पडते, म्हणून १ तारखेला बायकोच्या खात्यात आपोआप रक्कम जाईल अशी सोय बँकेत करून घ्यायची. शेऱ्यात ‘पोटगी’ आणि महिना. दर तीन महिन्यांनी पासबुक छापून फाइलला. मोबाइलवरचे स्क्रीनशॉट मला दाखवू नका.

‘२२ टक्के दिले की सुटलो’ हेही डोक्यातून काढा. ती मर्यादा नोकरीतल्या जवानाच्या पगारातून लष्कर कापतं त्याची, पेन्शनरची नाही.

टक्क्यांचा घोळ वकीलही घालतात. ५० टक्के अपंगत्व म्हणजे पगाराच्या निम्मे नव्हे. १०० टक्के अपंगत्वाला डिसेबिलिटी एलिमेंट म्हणून शेवटच्या पगाराचे ३० टक्के मिळतात, म्हणजे ५० ला १५. हा हिशोब एका कागदावर मांडून वकिलाच्या हातात द्या.

आणि घटस्फोट झाला नसताना ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवरून बायकोचं नाव काढायला माझ्याकडे येऊ नका. फॅमिली पेन्शन तिचीच, भावाला नॉमिनी केलंत तरी.