टक्के नंतर, आधी रिटर्न दाखवा

नौपाड्यात माझं आयकर रिटर्न भरायचं ऑफिस आहे. हल्ली अमेरिकेला अर्ज करणाऱ्या मुलांचे आईबाप कागद घेऊन येतात आणि आधी टक्के सांगतात. दहावीला सत्त्याण्णव, हार्वर्डची स्कॉलरशिप मिळेल ना?

टक्क्यांवर नाही मिळणार. आयव्ही लीग या हार्वर्ड, येल वगैरेंच्या गटातली आठही विद्यापीठं आणि एमआयटी गुणवत्तेवर पैसे देत नाहीत. मार्क, निबंध, शिफारशी प्रवेशापुरत्या. मदत ठरते घरच्या ऐपतीवर. २०२५-२६ पासून वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या घराकडून हार्वर्ड काहीच घेत नाही. तेव्हा पगारदार माणसाने उगाच घाबरू नये. हुशारीवरचे पैसे ड्यूक, व्हँडरबिल्टसारख्यांकडे असतात, पण मोजक्यांना. व्हँडरबिल्टला तर त्याचा अर्जही वेगळा.

कॉलेजांची यादी करतानाच बघा, मदत मागितल्याने प्रवेश अडतो का. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट इथे परदेशी मुलांचाही अडत नाही. स्टॅनफर्डला फरक पडतो. म्हणून ‘आधी गप्प बसू, आत गेल्यावर मागू’ असा शहाणपणा करू नका. परदेशी मुलाने अर्जातच मदत मागितली नसेल, तर स्टॅनफर्ड पुढची चारही वर्षं देत नाही.

खरं काम सीएसएस प्रोफाईलचं, म्हणजे मदत मागताना घरची ऐपत दाखवणाऱ्या फॉर्मचं. बहुतेक ठिकाणी हाच फॉर्म लागतो, आकडे रुपयांतच भरायचे. दोघांची रिटर्न्स, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट, गृहकर्जाची शिल्लक काढून ठेवा. राहत्या फ्लॅटची आजची किंमत लिहायची, करारातली नाही. हार्वर्ड राहतं घर धरत नाही, बरीच कॉलेजं धरतात. कळव्याचा भाड्याने दिलेला वन बीएचके मात्र ‘हिच्या नावावर आहे हो’ म्हणून गाळायचा नाही.

धंदेवाल्यांची गोची वेगळी. रिटर्नमध्ये उत्पन्न सहा लाख आणि मुलाच्या शाळेची फी चार लाख, मग घर चालतं कशावर? समोरचा विचारणारच. फी मामा भरत असेल तर विशेष परिस्थितीच्या रकान्यात तसं सरळ लिहा. आणि मागच्या वर्षांची रिटर्न्स आता ‘सुधारून’ द्या, असं मला सांगू नका.

सीएसएसचा फॉर्म ऑक्टोबरच्या १ तारखेला उघडतो. पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे १६. परवडत नसेल तर कॉलेजच्या मदत कार्यालयाला ईमेल करा. काही कॉलेजं फी माफीचा कोड पाठवतात.