सीएनसीच्या पॅनेलवर बटणं जोडताना

आर्डुइनो युनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल, म्हणजे सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणारं मशीन) हलवणारा प्रोग्राम, चालवत असाल, तर बटणं जोडणं वाटतं तेवढं अवघड नाही. ए० पिनवर रीसेट, ए१ वर फीड होल्ड (काम तात्पुरतं थांबवणारं), ए२ वर सायकल स्टार्ट (काम सुरू करणारं). प्रत्येक बटणाची एक वायर आपापल्या पिनला, दुसरी ग्राउंडला. पिन बोर्डाच्या आतूनच ५ व्होल्टला धरलेली असते; बटण दाबलं की ती ग्राउंडला जोडली जाते आणि हुकूम पोचतो. बाहेरून व्होल्टेज द्यायचं नाही.

नवख्याने खरा वेळ द्यावा तो एका प्रश्नाला. पॅनेलवरच्या प्रत्येक बटणाबाबत तो विचारा: याची वायर तुटली तर काय होईल?

सायकल स्टार्टची तुटली तर मशीन सुरू होणार नाही. त्रास होईल, इजा नाही. तिथे एनओ कॉन्टॅक्ट, म्हणजे दाबल्यावर जुळणारा, चालतो. इमर्जन्सी स्टॉपला तोच लावला आणि वायर सुटली, तर ऐन गरजेच्या वेळी ते लाल बटण निरुपयोगी ठरेल, आणि तोवर कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून तिथे एनसी कॉन्टॅक्टच हवा: एरवी जुळलेला, दाबल्यावर तुटणारा. वायर सुटली तरी मशीन थांबतं. कॉन्टॅक्ट ब्लॉकवरच्या आकड्यांचा शेवट १-२ असेल तर एनसी, ३-४ असेल तर एनओ. तरी मल्टिमीटर लावून खात्री करा.

इमर्जन्सी स्टॉप फक्त बोर्डाच्या पिनला जोडून थांबू नका. प्रोग्राम अडकला तर पिनकडे बघणारं कुणी उरत नाही. हा एनसी कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या (कॉइलला वीज मिळाली की जुळणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या वाटेत घाला आणि स्पिंडल (टूल फिरवणारा भाग) व मोटर ड्रायव्हरचा पुरवठा त्या कॉन्टॅक्टरमधून न्या. बटण फिरवून मोकळं केल्यावर मशीन आपोआप चालू होता कामा नये. त्यासाठी वेगळं स्टार्ट बटण आणि कॉन्टॅक्टरचा स्वतःचा होल्डिंग कॉन्टॅक्ट, म्हणजे स्टार्ट सोडल्यावरही कॉइल चालू ठेवणारा, लागतो. मेन्सच्या जोडणीचा सराव नसेल तर तेवढा भाग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. इथे हौस बाजूला ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

फीड होल्ड आणि रीसेट यांतला फरकही हातात बसायला हवा. फीड होल्डने मशीन वेग कमी करत थांबतं, जागा लक्षात ठेवतं, सायकल स्टार्टने पुढे चालतं. पण स्पिंडल फिरतच राहतो, तेव्हा होल्डवर असताना टूलजवळ हात नेऊ नका. चालत्या मशीनला रीसेट दिला तर अलार्म येतो. जागेचा भरवसा उरत नाही, पुन्हा होमिंग करावं लागतं, म्हणजे मशीन मूळ जागी नेऊन मोजणी नव्याने सुरू करावी लागते. ही दोन बटणं पॅनेलवर शेजारी लावू नयेत.

आता सगळ्यात छळणारी गोष्ट: कुणी हात लावलेला नसताना, स्पिंडल सुरू होताच मशीन होल्डवर जातं. पिनला ५ व्होल्टला धरणारा आतला पुल-अप रेझिस्टर २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फारच हलका असतो. पॅनेलपर्यंतची लांब वायर अँटेना बनते आणि स्पिंडलच्या केबलमधला गोंगाट पिनपर्यंत आणते. आधी दोन्ही केबल एकमेकींपासून लांब न्या. मग पिन आणि ५ व्होल्टमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्ही बोर्डाजवळ. शील्ड असलेली केबल वापरलीत तर शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. एवढं करूनही हटलं नाही, तर ऑप्टोकपलर (वायर थेट न जोडता प्रकाशातून इशारा पोचवणारा भाग) लावा.

तपासणी टूल न लावता करा. जीआरबीएल १.१ मध्ये बटण दाबून धरा आणि संगणकावरून बोर्डाला प्रश्नचिन्ह (?) पाठवा. उत्तरात ‘पीएन’पुढे होल्डसाठी एच, स्टार्टसाठी एस अक्षर दिसतं. बटण न दाबताच अक्षर दिसलं, तर वायर कुठेतरी ग्राउंडला लागली आहे. शेवटी सगळा पुरवठा बंद करून इमर्जन्सी स्टॉपची एक वायर सोडवा, तिचं उघडं टोक झाका आणि पुरवठा पुन्हा द्या. स्टार्ट दाबूनही कॉन्टॅक्टर ओढला नाही, तरच वायर परत जोडून पहिल्या कामाला लागा.