नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला पाणी शोधायला निघण्याआधी

सातपुड्यात भूजलाची पाहणी मे महिन्यातच करावी, कारण विहिरींनी तळ गाठलेला असतो तेव्हाच खडकाची खरी ताकद कळते. तयारी मात्र मार्चपासून धरा. होळीचे दिवस सोडून एकदा नुसतं भेटून या. त्या दिवसांत पाडेच्या पाडे होळीला गेलेले असतात, विहीर दाखवायला घरी कोणी सापडत नाही. पोलीस पाटलांना भेटा, वनखात्याची परवानगी लागणार असेल तर अर्ज तेव्हाच द्या, आणि पावरी किंवा भिलोरी बोलणारा एक स्थानिक मुलगा कामाला ठरवून त्याची मजुरी आधीच बोलून घ्या.

नकाशाचं काम घरी उरका, डोंगरात रेंजचा भरवसा नाही. १:५०,००० चा टोपोशीट (डोंगर-उतार, ओढे दाखवणारा सरकारी नकाशा) आणि उपग्रहाचं चित्र शेजारी ठेवून पाहिलं की साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या सरळसोट, अरुंद टेकड्या दिसतात. त्यांतल्या बऱ्याचशा डाइक असतात: बेसॉल्टच्या भेगांत वर चढून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंती. त्यांवर लाल पेन्सिलने रेघ मारा. भिंत अभंग असेल तर वरच्या अंगाला पाणी अडतं, तडकलेली असेल तर तीच पाणी वाहून नेते. म्हणून विहिरी निवडताना रेघेच्या दोन्ही बाजूंच्या घ्या. या तयारीत सगळ्यात जास्त वेळ मी याच कामाला देतो.

पिशवीत हातोडा, होकायंत्र, दहापट भिंग, जीपीएस, पेन्सिल, जाड वही. पाणीपातळीची टेप किमान ५० मीटरची. ईसी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातले क्षार मोजणारं यंत्र) नेण्याआधी तपासून घ्या. नमुन्यासाठी एक लिटरच्या नव्या बाटल्या, त्या त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळून भरायच्या.

विद्युत रोधकता मापक (जमिनीत प्रवाह सोडून खालचा थर त्याला किती अडवतो ते मोजणारं यंत्र) नेणार असाल तर चार सळ्या, केबलची रिळं, भरलेली बॅटरी, जोडीला सुटी बॅटरी, आणि पाच किलो मीठ. मेमध्ये माती इतकी कोरडी असते की सळी ठोकली तरी प्रवाह जमिनीत उतरत नाही. भोवती मिठाचं पाणी ओतावं लागतं. एकदा मीठ राहिलं होतं आणि आमचा अख्खा दिवस गेला. केबल उतारावर वर-खाली न टाकता समपातळीत ओढा.

पाणी स्वतःचं न्या, प्यायचंही आणि सळ्यांना ओतायचंही. जिथे बायका हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात, तिथल्या झऱ्यावर आपला भार टाकू नये.

पाड्यावर विहीर खोदणाऱ्याला गाठा. काळा पाषाण किती हातांवर लागला, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा मऊसर बेसॉल्ट) कुठे, तांबडा गेरू कुठे, पाणी कोणत्या बाजूने फुटलं, हे त्याला पाठ असतं. त्याचेच शब्द वहीत उतरवा.

पातळी पहाटे, उपसा सुरू होण्याआधी मोजा. कठड्यापासून ९.४० मीटर आली आणि कठडा ०.८० मीटर उंच असेल, तर जमिनीखाली ८.६० लिहा. शेवटची वस्तू म्हणजे लाल ऑइल पेंटचा छोटा डबा आणि ब्रश. जिथून टेप सोडली तिथे, मालकाला विचारून, कठड्यावर बाण काढा. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात पुन्हा पातळी मोजायला दुसरं कोणी गेलं तरी टेप तिथूनच सुटली पाहिजे.